वाकायचं नाही!

मुलाकडे कुपर्टिनोला सहा महिने राहायला आलेल्या आईवडिलांपैकी बहुतेकांना करमत नाही. नानांना मात्र काम सापडलं: सोबत फिरायला येणाऱ्या जोशी वगैरे मंडळींना शिस्त लावायचं. रँचो सॅन अँटोनिओच्या पायवाटेवर माउंटन लायनपासून सावध राहण्याची पाटी आहे, आणि एसटीत जन्म काढलेला वाहतूक नियंत्रक पाटी दिसली की अमलात आणल्याशिवाय पुढे सरकत नाही.

"एकट्यानं पुढे जायचं नाही! पहाटे नि तिन्हीसांजेला जनावर हिंडतं! जोशी, ते इअरफोन काढा!" हा आवाज स्वारगेटच्या फलाटावर कर्ण्याविना चालत असे. इथे त्यानं रानटर्की पलीकडच्या उताराला लागतात, तिथे सिंहाची काय बिशाद! तसा तो डरकाळी फोडतच नाही, मांजरासारखा घुरघुरतो, अशी माहिती नातवानं पुरवली. आयाळ नाही, डरकाळी नाही, मग याला बढती दिली कुणी, हे नानांचं कोडं अजून सुटलेलं नाही. पण हरणं चरताना दिसली की आवाज उतरतो. हरीण हेच माउंटन लायनचं मुख्य खाणं. "प्रवासी उभे आहेत म्हणजे गाडी येणारच."

भीती अगदीच खोटी नव्हे. मार्च 2024 मध्ये एल डोराडो काउंटीत माउंटन लायनच्या हल्ल्यात एक तरुण दगावला. कॅलिफोर्नियातला त्याआधीचा असा मृत्यू 2004 चा. "बाबा, वीस वर्षांत एक," मुलगा म्हणतो. "अपघात वेळापत्रक बघून होत नाहीत," नाना म्हणतात.

म्हणून रोज दिवाणखान्यात तालीम. पळायचं नाही, पळालं की तो पाठलाग करतो. नजर रोखायची, जॅकेट पसरून हात वर करायचे, मोठं दिसायचं, ओरडायचं; अंगावर आलाच तर हाताला लागेल त्यानं झुंजायचं. लहान मूल उचलून घ्यायचं, पण वाकायचं नाही. वाकलेला माणूस त्याला चार पायांची शिकार वाटतो. न वाकता पाच वर्षांचा नातू उचलायची युक्ती नानांच्या गुडघ्यांनी शोधली: नातवानंच सोफ्यावर चढायचं. डोंगरात सोफ्याची व्यवस्था काय, यावर विचार चालू आहे.

परवा चढावर नानींच्या बुटाची नाडी सुटली. त्या खाली वाकल्या मात्र, "वाकू नकोस!" नाना गरजले. अख्खी रांग थबकली.

नानी सरळ झाल्या आणि पाय पुढे केला. "मग बांधा तुम्ही."

नानांनी आजूबाजूची झुडपं न्याहाळली, जॅकेटची चेन उघडली आणि दोन्ही हात वर करून जमेल तेवढे मोठे झाले. नाडी जोश्यांनी बांधली.