मुदतीचे दत्तकविधान

लॉर्ड डलहौसी या गृहस्थाविषयी महाराष्ट्रात कोणी आदराने बोलल्याचे आमच्या ऐकिवात नाही, आणि तसा पायंडा पाडण्याची आमचीही इच्छा नाही. परंतु दत्तक या विषयात त्याचे एक ठाम मत होते आणि ते त्याने कोणापासून लपवून ठेवले नाही, एवढे श्रेय तरी त्याच्या पदरात घालणे न्यायाचे होईल. १८४८ साली साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी मृत्युशय्येवर घेतलेले दत्तक त्याच्या कारकिर्दीत अमान्य झाले, १८५४ साली झाशीच्या गादीच्या वाट्यास तेच आले, आणि ‘नामंजूर’ हा दफ्तरी शेरा आमच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात कायमचा वस्तीस आला. त्या गोष्टीस पावणेदोनशे वर्षे लोटल्यावर आमच्याच राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने या जुन्या अन्यायाचे परिमार्जन करण्याचे मनावर घेतले, आणि २०२३ च्या सप्टेंबरात एक शासननिर्णय काढून, ज्या कोणास दत्तक घ्यावयाचे असेल त्याने खुशाल पुढे यावे, अशी दवंडी पिटविली. फरक इतकाच की, त्या वेळी गादीला मूल नव्हते म्हणून दत्तकाचा घोर पडला होता. आज गादीला मुले फार झाली असून ती कोणाच्या ओटीत घालावी याचा घोर पडला आहे.

ही मुले म्हणजे सरकारी शाळा, आणि योजनेचे नाव ‘दत्तक शाळा योजना’. ती वाचावयास घेतली की प्रथम डोळ्यांत भरते ते तिचे दरपत्रक. ‘अ’ आणि ‘ब’ वर्गाच्या महानगरपालिकांच्या हद्दीतील शाळा ५ वर्षांकरिता २ कोटी रुपये व १० वर्षांकरिता ३ कोटी. ‘क’ वर्गाच्या हद्दीत अनुक्रमे १ व २ कोटी. आणि ‘ड’ वर्ग, नगरपरिषदा व खेडोपाडीचा सर्व मुलूख मिळून ५ वर्षांस ५० लाख, १० वर्षांस १ कोटी. रोख रक्कम स्वीकारली जाणार नाही. तितक्या मोलाच्या वस्तू आणि सेवा द्यावयाच्या, आणि देणगीदाराची इच्छा असल्यास मुदतीपुरते त्याने सुचविलेले नाव शाळेच्या नावास जोडावयाचे. चिकित्सक वाचकाच्या ध्यानात आलेच असेल की, मोठ्या शहरातील दात्यास दुप्पट मुदत दीडपट दामात मिळते, आणि खेड्यातील दात्यास मात्र दुप्पट मुदतीसाठी पुरते दुप्पट दाम मोजावे लागतात. घाऊक गिऱ्हाइकाला सूट आणि किरकोळीला छापील किंमत हा पेठेतला शिरस्ता मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यापर्यंत कसा चढला, याचे आम्हांस कुतूहल आहे. उद्वाहन चालू असावे.

आता दत्तक हा शब्द आम्ही जुन्या वळणाची माणसे काहीशा गांभीर्याने घेतो, आणि म्हणून आम्ही १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा कपाटातून काढून त्यावरील धूळ झटकली. त्यात प्रथमच असे आढळले की, विधिपूर्वक झालेले दत्तक पुढे रद्द करता येत नाही आणि दत्तक गेलेल्यास जन्मदात्या घरी परत येता येत नाही. म्हणजे ५ वर्षांचे दत्तक आणि १० वर्षांचे दत्तक अशा दोन जाती धर्मशास्त्राला किंवा कायद्याला, दोघांनाही ठाऊक नाहीत. पुढे असे आढळले की, ज्याचे वय १५ वर्षे पुरे झाले त्यास, रूढी निराळी नसेल तर, दत्तक देता येत नाही. आणि आमच्या जिल्ह्यांतून शंभरी ओलांडलेल्या प्राथमिक शाळा तर पदोपदी आहेत. त्याहून बिकट असे की, पुरुषाने कन्या दत्तक घ्यावयाची तर त्याचे वय तिच्याहून निदान २१ वर्षांनी अधिक असावे लागते. शाळा हा शब्द मराठीत स्त्रीलिंगी असल्याकारणाने, शतायुषी शाळेस ओटीत घेऊ पाहणारा उद्योगपती कमीत कमी १२१ वर्षांचा असला पाहिजे, आणि तेवढ्या वयाचा दाता हल्ली कोणत्याही उद्योगसमूहात उपलब्ध असेल असे वाटत नाही. हे सर्व एक वेळ सोडून दिले तरी कलम १७ उरतेच: दत्तकाच्या मोबदल्यात कसलीही रक्कम देणे किंवा घेणे हा अपराध असून त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही सांगितले आहेत.

ही कलमे मुलांस लागू आहेत, इमारतींस नव्हेत, असे विधी व न्याय विभाग आम्हांस सांगेल, आणि तो सांगेल ते अक्षरशः खरेच असेल. पण मग शब्द तरी मुलांच्या घरातून कशाला उचलून आणावयाचा? मुदत, दर आणि पाटी या तिन्हींस शोभेल असा ‘भाडेपट्टा’ हा आपला जुना शब्द रिकामाच बसून होता.

वास्तविक या कन्येला घरे बदलण्याची सवय नाही असे नाही. कंपनी सरकारच्या राजवटीत आणि मागाहून राणीच्या राज्यात ती जन्मली. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने लोकल बोर्डाच्या पदरात पडली. पुढे जिल्हा स्कूल बोर्डाने तिचा सांभाळ केला. आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या तेव्हा ती त्यांच्या घरी नांदावयास गेली. परंतु या प्रत्येक स्थित्यंतरात एक गोष्ट गृहीत होती, ती ही की नव्या पालकाची थैली आणि अखेरची जबाबदारी सार्वजनिक आहे. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्याने तर ते गृहीतक स्पष्ट शब्दांत लिहून काढले: सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास शाळा, इमारत, शिक्षक आणि साहित्य पुरविणे हे सरकारचे कर्तव्य आहे. बापाचे कर्तव्य कायद्याच्या पुस्तकात आणि बापाची जाहिरात शासननिर्णयात, असा हा देखावा आहे.

नावाच्या बाबीवर थोडे रेंगाळल्याशिवाय आम्हांस पुढे जाववत नाही. पहिली ते सातवीच्या शाळेत एखादे पोर पहिलीत दाखल झाले तेव्हा शाळा एका सिमेंटवाल्याच्या नावाने ओळखली जात असेल. पाच वर्षांची मुदत त्याच्या सहावीत संपेल. आणि सातवी उत्तीर्ण होऊन ते शाळा सोडल्याचा दाखला घेईल तेव्हा त्यावर एखाद्या गृहनिर्माण व्यावसायिकाचे नाव विराजमान असेल. पुढे हायस्कुलातील लिपिक दोन कागद शेजारी ठेवून त्याला विचारील की, बाळ, तू मधल्या काळात शाळा कधी बदललीस. आणि ते बिचारे खरेच सांगेल की, मी बाकसुद्धा बदलला नाही. या सर्व उलथापालथीत न बदलणारी अशी एकच ओळख शाळेपाशी उरते, ती म्हणजे यू-डायसचा अकरा अंकी क्रमांक. ज्यांची नावे काढून घेतली जातात त्यांना क्रमांक देण्याची पद्धत आणखी कोणत्या सरकारी वास्तूत आहे, हे येरवड्याकडच्या वाचकांना सांगावयास नको.

येथे आमच्यावर असा आक्षेप येईल की, लोकांनी आणि स्थानिक संस्थांनी शाळेच्या पाठीशी उभे राहावे, या उदात्त कल्पनेचीच आम्ही टवाळी मांडली आहे. आक्षेपकांनी कृपा करून कोणत्याही गावच्या जिल्हा परिषद शाळेत एक फेरी मारावी. कार्यालयातले लोखंडी कपाट कोणा कैलासवासी मातोश्रींच्या स्मरणार्थ आलेले असते, पाण्याची टाकी दूधसंस्थेने दिलेली असते, कुंपणाची तार विकास सोसायटीच्या नफ्यातून ओढलेली असते, दूरचित्रवाणी संच मुंबईला गिरणीत किंवा गोदीत हयात काढलेल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी करून आणलेला असतो, आणि गणेशोत्सवातून उरलेल्या पैशांत तरुण मंडळाने भिंतींवर जगाचा नकाशा काढवून घेतलेला असतो, ज्यात श्रीलंका थोडी पश्चिमेला सरकलेली असते. या कोणीही शाळेचे नाव मागितले नाही. टाकीवर चार अक्षरे लिहून घेतली आणि ते घरी गेले.

या मंडळींच्या जोडीला सरकार काय घालते, तेही पाहू. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला वर्षाकाठी संयुक्त शाळा अनुदान मिळते, आणि त्याचे प्रमाण पटसंख्येवर आहे: ३० पर्यंत पट असल्यास १०,००० रुपये, शंभरापर्यंत २५,०००, अडीचशेपर्यंत ५०,०००. डोंगरातल्या अठ्ठावीस मुलांच्या शाळेने या दहा हजारांत खडू, झाडू, नोंदवह्या, वीजबिल, मोडलेली कडी आणि फुटलेले कौल असा सर्व संसार निभवावयाचा, आणि त्यातलाही दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी वेगळा काढावयाचा. आम्ही गणितात कच्चे आहोत, तरी ताळा करून पाहिला. खेड्यातील शाळेला ५ वर्षांसाठी दत्तक घेणाऱ्याकडून सरकार ज्या ५० लाखांची अपेक्षा करते, तेवढी रक्कम त्याच शाळेला अनुदानरूपाने द्यावयास सरकारला बरोबर ५०० वर्षे लागतील. ज्या पित्याला लेकीच्या अंगावर इतके घालावयास पाच शतके हवीत, त्याने पाहुण्याला पाच वर्षांची मुदत दिली, याला औदार्य म्हणावे की घाई, हे ठरत नाही.

त्यातून कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती नेमून दिली आहे. तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक, आणि निम्मी जागा स्त्रियांची. या समितीने शाळा विकास आराखडा तयार करावा आणि सरकारने त्याच आराखड्याच्या आधाराने अनुदान द्यावे, असेही कायदा म्हणतो. आराखडा तयार होतो. शेतावरून आलेल्या बायाबापड्या सतरंजीवर बसून, दोन स्वच्छतागृहे, एक स्वयंपाकखोली, एक गणिताचा गुरुजी, असे आपले साधे मागणे मांडतात. मुख्याध्यापक ते सुवाच्य अक्षरांत उतरवून घेतात. अंगठे आणि सह्या होतात. आणि कागद केंद्रप्रमुखांमार्फत तालुक्याला रवाना होतो. तेथून पुढील त्याच्या प्रवासाविषयी भूगोलाच्या पुस्तकात माहिती नाही.

लोकसहभाग हा शब्द या काळात कसा वाढीस लागला, याचे एक उदाहरण आम्ही जपून ठेवले आहे. मुलांच्या मध्यान्ह भोजनात आठवड्यातून एकदा अंडे द्यावे, हा निर्णय सरकारने २०२३ साली घेतला आणि त्याचे आम्ही मनापासून स्वागत केले होते. २०२५ च्या जानेवारीत नवा निर्णय निघाला की, अंड्याचा पदार्थ आणि गोड पदार्थातली साखर यांकरिता सरकारकडून वेगळा निधी मिळणार नाही. शाळांना ते द्यावयाचे असल्यास शाळा व्यवस्थापन समित्यांनी लोकसहभागातून जमवावे. अंडे एक वेळ समजू. पण खिरीतला तांदूळ सरकारचा आणि साखर लोकांची, अशी भागीदारी कोणत्या शास्त्रात बसते? मूल जेव्हा घास घेऊन तोंड वाकडे करील तेव्हा त्या अळणीपणाची नोंद कोणत्या खात्याच्या नावे करावयाची, याविषयी लेखाशीर्ष अद्याप उघडलेले दिसत नाही.

आणि लोकांचा सहभाग नव्हता कधी? १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिले, त्यातला तक्रारीचा रोख हाच होता की, सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि रयतेच्या पोरांच्या प्राथमिक शाळा मात्र उपाशी ठेवल्या जातात. रयत आजही देतेच आहे. प्राप्तिकरावर आरोग्य व शिक्षण उपकर म्हणून शेकडा ४ घेतले जातात. शहरातील घरपट्टीच्या बिलात शिक्षणकराची ओळ असते. म्हणजे सहभाग एकदा पावती फाडून झालेला असतो, आणि मग दुसऱ्यांदा साखरेचा डबा घेऊन दारात कोणी उभे राहते. डबा धरणारी बाई बचत गटाची असते, म्हणून तिला कोणी ‘नाही’ म्हणत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांनीही लोकांपुढे हात पसरला होता. १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन करून त्यांनी मूठमूठ धान्य जमविले, पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने वसतिगृहातील मुलांच्या ताटात गेले, आणि १९४८ साली एका भाषणावरून मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले तेव्हाही मुठी थांबल्या नाहीत. परंतु त्यांच्याविषयी अशी एक गोष्ट सांगतात की, साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजाला आपले नाव द्यावे, या अटीवर मोठी देणगी घेऊन आलेल्या एका धनिकास, एक वेळ आपण जन्मदात्याचे नाव बदलू पण या कॉलेजाचे बदलणार नाही, असे सुनावून त्यांनी वाटेस लावले. हे असले गृहस्थ आज दत्तक शाळा योजनेच्या जिल्हास्तरीय समितीवर असते तर उद्दिष्टपूर्तीचा तक्ता कधीच भरला नसता, हे उघड आहे.

आमच्या गावी एक रंगारी आहे. निवडणुकीत भिंती रंगवितो, यात्रेत कमानी, आणि एरवी ट्रॅक्टरच्या पाठीमागे ‘आईचा आशीर्वाद’. या योजनेची बातमी त्याला सांगून, समजा आपल्या शाळेला कोणी दाता मिळाला तर पाटी कशी करशील, असे आम्ही विचारले. त्याने शाळेच्या दर्शनी भिंतीकडे डोळे बारीक करून बराच वेळ पाहिले. “जुनं नाव ऑइलपेंटात आहे, साहेब,” तो म्हणाला, “ते खरवडायला दोन दिवस जातील. त्यापेक्षा त्याच्यावरच चुन्याचा हात मारतो आणि नवं नाव पाण्याच्या रंगात काढतो. पाचच वर्षांचं तर काम आहे. चार पावसाळ्यांत चुना उतरेल आणि खालचं ‘जिल्हा परिषद’ आपोआप वर येईल.” मग थोडे थांबून, मजुरी मात्र रोखीत लागेल, वस्तुरूपात चालणार नाही, असे त्याने बजावले.