देवाला कोण विचारतंय?

आमच्या नळदुर्गचा खंडोबा वर्षातले पावणेदोन महिने आमच्याकडे राहतो आणि उरलेले सव्वादहा महिने शेजारच्या अणदूरला. देवळं दोन, मूर्ती एक. मुक्काम हलवायच्या वेळी दोन्ही गावचे मानकरी बसतात, लेखी करार होतो, सह्या होतात, देव पालखीत बसतो आणि निघतो. सरकारी बदल्यांत एवढी शिस्त मी तरी पाहिलेली नाही. करारावर सगळ्यांच्या सह्या असतात, फक्त ज्याला हलवायचं त्याची नसते.

देवाची याबद्दल तक्रार ऐकिवात नाही. कायद्यालाही हे मंजूर आहे. आपल्या न्यायालयांच्या लेखी देवाची मूर्ती ही जमीनजुमला बाळगू शकणारी व्यक्ती आहे, पण कायमची अज्ञान. सातबाऱ्यावर लहान पोराच्या नावापुढे 'अ.पा.क.' लागतं ना, अज्ञान पालनकर्ता, त्यातलाच प्रकार. पोर अठराचं झालं की सुटतं. देवाला अठरावं कधी लागतच नाही.

देवाखालोखाल हा मान आमच्या धाकट्या भावाला मिळालेला आहे. वय वर्षे ३४. वडील, म्हणजे आमचे दादा, गेले तेव्हा वारसनोंदीला आम्ही दोघं भाऊ गेलो. धाकट्यानं नवा शर्ट घातला होता, खिशाला पेन लावला होता. टेबलापलीकडच्या भाऊसाहेबांनी त्याच्याकडं बघत मला विचारलं, "याचं काय करायचं?" मी म्हणालो, "पालनकर्ता म्हणून माझं नाव लावा." धाकटा म्हणाला, "माझी सही?" त्याला सही येते. चार अक्षरं, त्यातलं एक उलटं. भाऊसाहेब हसले, मी हसलो, पेन खिशातच राहिला. त्याच महिन्यात माझे चिरंजीव अठरा पूर्ण करून सज्ञान झाले. हे सज्ञान गृहस्थ आंघोळीला गेले की टॉवेल मागायला आजीला हाक मारतात. टॉवेल नेऊन देतो आमचा अज्ञान.

पूर्वी गावात त्याला 'येडं' म्हणत. शाळेत गुरुजी 'मंद' म्हणाले, सरकार 'मतिमंद' म्हणालं, शिबिरवाल्या ताई 'विशेष' म्हणाल्या. मग २७ डिसेंबर २०१५ ला पंतप्रधान 'मन की बात'मध्ये बोलले आणि धाकटा एका दुपारीत 'दिव्यांग' झाला. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हंजे आता देव झालं का ते?" तशी ती बरोबरच होती. कागदोपत्री आमच्या घरात दैवी अवयवांचा माणूस निघाला होता. संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं २०१९ साली या शब्दाला वादग्रस्त म्हटलं, पण समितीतली मंडळी नळदुर्गला आलेली नसल्यामुळं इथं त्याचा परिणाम झाला नाही.

माणसाचा देव केल्याचा मोठा फायदा म्हणजे देवाला पगार द्यावा लागत नाही. सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावरच्या एका हॉटेलात धाकट्यानं दोन वर्षं ग्लास विसळले. सकाळी सातला जायचा, एक दिवस खाडा नाही. मोबदला म्हणजे दोन वेळचा चहा, भजी आणि पाठीवर थाप. मी एकदा भीत भीत पैशाचं काढलं, तर मालक दुखावले. "त्याला कशाला पैशाच्या नादी लावायलाव? देवमाणूस हाय तो." देवाला नैवेद्य असतो आणि तो शेवटी कोण खातं ते आपल्याला ठाऊक आहे. धाकट्यानंच एक दिवस जाणं बंद केलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "फुकट." एवढ्या कमी शब्दांत कामगार चळवळ मांडलेली मी वाचलेली नाही.

देवत्वाला अर्थात प्रमाणपत्र लागतं. डोक्याच्या बाबतीत सरकारची गुणपद्धत अशी: सौम्य असेल तर ५० टक्के, मध्यम ७५, तीव्र ९०, अतितीव्र १००. चाळीसच्या आत आलात तर नापास. धाकट्याला ७५ पडले. आमच्या खानदानात दहावीपासून आजवर कुणाला डिस्टिंक्शन नव्हतं. आईनं गल्लीत साखर वाटली. एसटीतही त्याला सवलत ७५ टक्केच. सरकारचा एवढा ताळमेळ क्वचित बसतो.

मोजमापाची साधनं मात्र घरचीच आहेत, हे अभिमानानं सांगितलं पाहिजे. फ्रेंचांची बिने चाचणी व्ही. व्ही. कामतांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली. माणूस व्यवहारात किती वाकबगार आहे ते बघणारी अमेरिकेची व्हाइनलँड मोजपट्टी नागपुरात मालिन यांनी आपल्याकडच्या माणसांसाठी करून घेतली. या दुसऱ्या चाचणीची गंमत अशी, की तीत प्रश्न घरच्यांना विचारायचे असतात. जेवतो का? कपडे घालतो का? एकटा बाहेर जातो का? पैसे कळतात का? मी फडाफडा उत्तरं देत होतो. "एकटा जात नाही," मी म्हणालो. "जाऊ देत न्हाईत," धाकटा म्हणाला. दोन्ही खरं होतं. तक्त्यात माझं गेलं.

इथं जरा थट्टा बाजूला ठेवतो, कारण पुढची गोष्ट थट्टेत बसत नाही. फेब्रुवारी १९९४. शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशयं काढली. आजार नव्हता. पाळीच्या दिवसांतली स्वच्छता त्यांना जमत नाही, हे कारण. महिला संघटनांनी आरडाओरडा केला तेव्हा थांबलं. त्या मुली सरकारच्या ताब्यात होत्या, म्हणजे पालनकर्ता खुद्द सरकार, आणि पालनकर्त्यानं त्यांच्या भल्याचं ठरवलं होतं. सह्या झाल्या असतीलच. पंधरा वर्षांनी, २००९ मध्ये, चंडीगडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सौम्य ते मध्यम बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढ बाईच्या गर्भपाताला तिची स्वतःची संमती लागते. सगळ्या देशाला ही गोष्ट कळायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, यावरून मंद कोण, याचा तक्ता कुणीतरी एकदा भरायला हवा.

तर पालनकर्ते. आमच्या जमातीला सगळंच वाईट बोलून चालणार नाही. महाराष्ट्रात या लेकरांसाठी जे काही उभं राहिलं, ते बहुतेक आईबापांनी आणि त्यांच्याभोवतीच्या माणसांनी उभं केलं. मुंबईत १९४४ साली वकील आडनावाच्या दांपत्यानं आपल्या जय नावाच्या लेकीसाठी शाळा काढली. पुण्यात १९६४ पासून कामायनी. डोंबिवलीजवळ खोणी गावात अमेय पालक संघटनेचं घरकुल, आमच्या लातूरकडं हरंगुळला सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी संवेदना. 'आमच्या माघारी याचं कसं?' या एका प्रश्नानं झोप उडालेल्या लोकांनी हे केलं. त्या प्रश्नापुढं मी हात जोडतो. माझी आईही रोज रात्री तोच घेऊन झोपते. फक्त 'आम्ही असताना याचं कसं?' हा दुसरा प्रश्न आमच्याकडून राहून गेला. आणि ज्यांना आईबापच उरले नाहीत, त्यांचं? किल्लारीच्या भूकंपात पोरकी झालेली लेकरं सांभाळायला पन्नालाल सुराणांनी आमच्या नळदुर्गलाच एक घर काढलं. त्याचं नाव 'आपलं घर'. नावात विशेष नाही, दिव्य नाही.

कायद्यानं मात्र 'आम्ही असताना' हा दुसरा प्रश्न विचारलेला आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात अठरा उलटलेल्या माणसालाही पालक नेमून देण्याची सोय आहे. जिल्हाधिकाऱ्यांची समिती बसते आणि पालक ठरतो. २०१६ च्या नव्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, त्याची जाहिरात पुष्कळ झाली. त्याच कायद्याचं १३ वं कलम म्हणतं, की अपंग माणूस इतरांइतकाच कायद्यासमोर पुरा माणूस आहे. जमीन त्याची, पैसा त्याचा, व्यवहार त्याचा. १४ वं कलम म्हणतं, पालक लागलाच तर मर्यादित, आणि निर्णय दोघांनी मिळून, त्याच्या इच्छेप्रमाणं. ही दोन कलमं मी धाकट्याला वाचून दाखवली. चूक झाली. त्यानं दुसऱ्या दिवशी पासबुक मागितलं.

पासबुकात निराधार योजनेचे पैसे येतात. योजना, निधी यांची आपल्याकडं ददात नाही. नगरपालिका असो की ग्रामपंचायत, स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांवर खर्चायचे असा नियम आहे, आणि पुष्कळ ठिकाणी तो मार्च महिन्यात आठवतो. ३ डिसेंबर २०२२ ला तर राज्यानं दिव्यांग कल्याणाचं आख्खं मंत्रालयीन खातंच वेगळं काढलं. एवढं पाणी वाहतं, तर कुठं दिसत का नाही, असं परगावचा माणूस विचारतो. त्याला मी किल्ल्यात नेतो. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात इब्राहिम आदिलशहानं १६१३ साली पाणी महाल बांधला. पावसाळ्यात नर आणि मादी धबधबे डोक्यावरून कोसळत असतात आणि आत महालात बसलेल्याच्या अंगावर थेंब पडत नाही. चारशे वर्षं झाली, ती कारागिरी लोप पावली असं इतिहासवाले म्हणतात. मला तसं वाटत नाही.

३ डिसेंबर म्हणजे जागतिक अपंग दिन. दरवर्षी मांडव पडतो. मागं एकदा धाकट्याला पहिल्या रांगेत बसवलं, गळ्यात हार घातला. साडेदहाचा कार्यक्रम साडेबाराला सुरू झाला आणि सहा वक्त्यांनी सांगितलं, की ही देवाची लेकरं आपल्याला खूप काही शिकवून जातात. काय, ते एकानंही सांगितलं नाही. शेवटी सूत्रसंचालकाच्या अंगात आलं आणि त्यानं माईक धाकट्यासमोर धरला. "बोला, आज कसं वाटतंय?" धाकटा म्हणाला, "जेवाण कवा?" मांडवात जो टाळ्यांचा कडकडाट झाला तो सहाही वक्त्यांना मिळाला नव्हता. दुसऱ्या दिवशी बातमी आली: दिव्यांग बांधवांनी मानले शासनाचे आभार.

अपंगत्वाचा अभिमान नावाची एक गोष्ट जगात आहे, हे मला उशिरा कळलं. अमेरिकेत बॉस्टनला १९९० साली त्यासाठी मोर्चा निघाला होता. आता जुलै महिना त्याचा म्हणून पाळतात. त्याच्याही आधी, १९७४ साली, ओरेगन राज्यात बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांनी स्वतःच संघटना काढली आणि नाव ठेवलं 'पीपल फर्स्ट', आम्ही आधी माणसं. पालक नाही, अध्यक्ष म्हणून डॉक्टर नाही. मी गल्लीत हे सांगितलं तर एकानं विचारलं, "ह्यात अभिमान कशाचा?" प्रश्न विचारणाऱ्याला आडनावाचा अभिमान आहे, तालमीचा आहे, आणि बुलेटच्या फुटक्या सायलेन्सरचा सगळ्यात जास्त आहे. यातलं स्वतः कमावलेलं काय, तर सायलेन्सर.

धाकट्याला बॉस्टन ठाऊक नाही. त्यानं वाढदिवसाला डिजिटल बोर्ड मागितला. चौकात बाकीच्यांचे लागतात तसा. गॉगल लावलेला मोठा फोटो, मागं वाघ, खाली शुभेच्छुक. घरात मिटिंग झाली. आई म्हणाली, लोक हसतील. बायको म्हणाली, नजर लागेल. सज्ञान चिरंजीव म्हणाले, माझे मित्र काय म्हणतील. धाकटा पासबुक घेऊन उभा होता. आमची सभा मोडली, कारण १३ वं कलम मीच वाचून दाखवलं होतं.

बोर्डवाल्यानं अदबीनं विचारलं, "खाली 'दिव्यांग' टाकू का? लोक चांगलं म्हणतेत." धाकटा म्हणाला, "भावी नगरसेवक टाक." बोर्डवाल्यानं माझ्याकडं पाहिलं. मी कायदा आठवू लागलो. न्यायालयानं मनोविकल ठरवलं तरच मतदारयादीतून नाव जातं. तसं कुठल्या न्यायालयानं याला ठरवलेलं नाही. यादीत नाव आहे. खरं तर मतदानाच्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी रिक्षा त्याच्यासाठीच येते आणि त्या दिवशी त्याच्या मतीबद्दल कुणालाच शंका नसते. वय एकवीसच्या वर आहे. मी म्हणालो, "टाका." शुभेच्छुकांत त्यानं आईचं नाव घातलं, गल्लीतल्या दोन पोरांची घातली, माझं गाळलं. विचारलं तर म्हणाला, "तू सही करू देत न्हाईस."

बोर्ड चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी त्यावर दुसऱ्या एका भावी नगरसेवकाचा चढला. सगळ्यांचंच असं होतं, त्यामुळं धाकट्याला ते अजिबात लागलं नाही, उलट आपल्याला बाकीच्यांसारखंच वागवलं म्हणून तो खूश होता.

यंदा पौषी पुनवेची यात्रा उरकली आणि देव अणदूरला निघायचा दिवस आला. आम्ही दोघंही नळदुर्गातल्या मैलारपूरच्या देवळात गेलो होतो. वारूवर, पालखीवर, लोकांच्या टोप्यांवर भंडारा उधळलेला, सगळं पिवळं झालेलं. मानकऱ्यांचं बोलणं आटोपलं, कागद घडी होऊन खिशात गेला. तेवढ्यात धाकटा गर्दीतून पुढं घुसला, पालखीशी वाकला आणि मोठ्यानं देवाला विचारलं, "तुला जायाचंय का?"

लोक हसले. मी कानकोंडा होऊन त्याचं मनगट धरलं. शेजारचा एक म्हातारा मला समजावणीच्या सुरात म्हणाला, "असू द्या हो. त्याला काय कळतंय?"

कुणाला, असं विचारेपर्यंत पालखी उचलली होती.