फॉरमॅटवाले भाऊ

मराठी माणूस जे मनापासून करतो ते 'मारतो'. गप्पा मारतो, डुलकी मारतो, चक्कर मारतो, थापाही मारतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या यादीत 'फॉरमॅट'ची भर पडली, आणि ती घालणाऱ्यांपैकी एक गृहस्थ आमच्याच सोसायटीत, बी विंगला राहतात. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. सोमवार ते शनिवार ते एका पतसंस्थेत हिशेब बघतात आणि रविवारी फॉरमॅट मारतात. पैसे घेत नाहीत. पोहे घेतात, तेही वरून शेव असेल तर.

कॉम्प्युटर हळू चालतोय? फॉरमॅट. प्रिंटर ऐकत नाही? फॉरमॅट. आमच्या शेजारणीच्या कीबोर्डवर चहा सांडला, तेव्हाही फोनवर भाऊंच्या तोंडून "फॉर..." निघून गेलं होतं. जुने वैद्य कुठल्याही तक्रारीवर आधी एरंडेल पाजत, त्यातलाच हा प्रकार. आधी कोठा साफ, मग बाकीचं बघू.

भाऊंचं सामान थोडकं. स्कूटरच्या किल्लीला लटकवलेला पेनड्राइव्ह, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि शाळकरी खोडरबर. खोडरबर बघून नवखे यजमान हसतात. भाऊ काही न बोलता कॅबिनेट उघडतात, रॅमची पट्टी काढतात, तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवतात आणि पट्टी परत खटकन बसवतात. कितीतरी मेलेले कॉम्प्युटर एवढ्यानेच उठून बसतात. अशा वेळी सगळं घर आनंदतं, एकटे भाऊ सोडून. "चालू झाला खरा," ते म्हणतात, "पण आतून बरा दिसत नाही. आलोच आहे तर मारूनच टाकू."

मग तो प्रश्न येतो. "काही महत्त्वाचं आहे का यात?"

यावर यजमान हमखास म्हणतात, "छे हो, महत्त्वाचं काय असणार आमच्याकडे!" हा मराठी विनय आजवर किती मुंजींचे फोटो, किती पत्रिका आणि किती इन्कम टॅक्सची विवरणं गिळून बसला असेल, हिशेब नाही. पाहुण्यांसमोर स्वतःच्या मुलालाही 'आमचं येडं' म्हणणारी माणसं आपण. डेस्कटॉपवरच्या फोल्डरला महत्त्वाचं म्हणायला जीभ कशी रेटावी? बरं, डेस्कटॉप हा सी ड्राइव्हचाच भाग असतो, हे फॉरमॅट संपल्यावरच कळायचं अशी रीत आहे. "डी ड्राइव्हला हात लावलेला नाही," भाऊ छातीवर हात ठेवून सांगतात. डी ड्राइव्ह उघडावा, तर त्यात २००९ सालची एक भीमसेनी अभंगाची फाइल आणि दोन रिकामे न्यू फोल्डर.

लॅपटॉप आले, तशी भाऊंची विद्याही वाढली. मूळ स्थितीला नेण्याचा रस्ता कंपनीने मशीनच्या पोटातच एका लपवलेल्या कप्प्यात ठेवलेला असतो आणि त्याची कळ प्रत्येकाची निराळी. एचपीला एफ ११, असुसला एफ ९, एसरला ऑल्ट धरून एफ १०. हे भाऊंना रामरक्षेसारखं पाठ. लेनोवोच्या काही लॅपटॉपना कडेला टाचणी जाईल एवढंच भोक असतं. तिथे भाऊ हात पुढे करून म्हणतात, "वहिनी, सेफ्टी पिन." वहिनी बांगडीतली पिन काढून देतात. ऑपरेशन थिएटरात नर्सनेही इतक्या तत्परतेने कात्री दिली नसेल.

पुढे २०१२ साली विंडोज ८ आलं आणि त्यात 'रिसेट' हे सरळ सेटिंगमध्येच देऊन टाकलं. भाऊंना हे मनापासून आवडलेलं नाही. घरात पूजा सांगायला मोबाइल लावतात तेव्हा गुरुजींचा होतो तसा त्यांचा चेहरा होतो. विंडोज १० मध्ये तर सरळ विचारतात: 'कीप माय फाइल्स' की 'रिमूव्ह एव्हरीथिंग'? पहिल्यात फोटो-कागद राहतात, पण आपण घातलेले प्रोग्रॅम जातातच. भाऊ त्याला 'पायावर पाणी' म्हणतात. अंघोळ म्हणजे दुसरा पर्याय.

तरी मूळ स्थिती म्हणजे निर्मळ स्थिती, हा गैरसमज. कारखान्यातून आलेल्या लॅपटॉपात तीस दिवसांचा अँटिव्हायरस, कुणी न मागितलेले खेळ आणि कंपनीचं स्वागतगीत असं सगळं असतं. रिसेट केला की लग्नात आलेले नको ते आहेर परत दारात उभे.

आणि काही गोष्टी तर कारखान्याला कधी माहीतच नव्हत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी सहा वर्षं खपून कुलवृत्तांत टाइप केला होता, युनिकोडच्या आधीच्या एका मराठी फॉन्टमध्ये. भाऊंनी या खेपेला काळजी घेतली. सगळ्या फाइल्स काढून ठेवल्या, फॉरमॅट मारला, फाइल्स जागच्या जागी परत ठेवल्या आणि मोठ्या अभिमानाने पहिलं पान उघडलं. पानभर इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम. फाइल होती, फॉन्ट गेला होता. घराण्याचा मूळ पुरुष दोन कंस आणि एका उद्गारचिन्हात बसला होता. आजोबा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मूळ स्थितीला नेतो म्हणालास, पण इतक्या मागे?" शेवटी एका छापखान्यातून फॉन्ट मिळाला, तेव्हा मूळ पुरुष पुन्हा कोकणातून निघाले.

भाऊ खरे हरले ते गेल्या वर्षी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा पाठिंबा संपला, आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर भाऊंकडे फराळापेक्षा लॅपटॉप जास्त आले. त्यातच एका कॉलेजकन्यकेचा नवा लॅपटॉप. तो निळा पडदा दाखवून अठ्ठेचाळीस आकड्यांची रिकव्हरी की मागू लागला. की तिच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, खात्याचा पासवर्ड विसरलेला, आणि ओटीपी जाणार वडिलांच्या बंद झालेल्या नंबरवर. आत दोन वर्षांचं प्रोजेक्ट. सगळं पुसून मशीन मूळ स्थितीला नेणं भाऊंच्या हातचा मळ; पण मुलगी रडत होती. आयुष्यात पहिल्यांदा भाऊंनी फॉरमॅट मारायला नकार दिला. पोहेही अर्धे ठेवले. चार दिवस ते तिच्या वडिलांबरोबर मोबाइल कंपनीच्या दुकानात रांगेत उभे होते, तो जुना नंबर परत मिळवायला. मिळाला.

त्या आठवड्यात मी काही कामाने भाऊंच्या घरी गेलो. त्यांनी स्वतःचा कॉम्प्युटर चालू केला आणि चहा टाकायला आत गेले. चहा झाला, उकळला, गाळला, आम्ही तो प्यायलो. पडद्यावर अजून चक्रच फिरत होतं. मग डेस्कटॉप उघडला. रांगोळीचे ठिपके परवडले इतके आयकॉन.

"भाऊ," मी म्हटलं, "एक फॉरमॅट का मारत नाही याला?"

भाऊंनी कप खाली ठेवला. "वेड लागलंय का तुम्हाला?" ते म्हणाले. "सगळं जाईल ना!"

आमच्या लॅपटॉपचा नंबर येत्या रविवारी आहे.