पेजो आणि पूजेची घंटा

डोंबिवली पूर्वेला, रुळांपासून हाकेच्या अंतरावर, बँकेतून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांच्याकडे १९९६ ची पेजो ३०९ आहे. सोसायटीत तिचं नाव प्रत्येकजण आपापल्या शिक्षणाप्रमाणे उच्चारतो: प्युजो, पिजॉट, प्युगॉट. काकू नुसतं ‘ती’ म्हणतात. स्वर सवतीचा असतो.

गाडी कुळानं फ्रेंच, पण जन्मानं पक्की इथली. कुर्ल्यात पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं पेजोशी सोयरीक जमवली आणि १९९० च्या दशकाच्या मध्याला कल्याण-शीळ रस्त्यावरच्या कारखान्यात ३०९ जोडली जाऊ लागली. १९९७ मध्ये काडीमोड झाला. पुढे त्या जमिनीवर टॉवर आले. मागे उरलं ते ‘प्रीमियर कॉलनी’ हे नाव. पद्मिनीचं तसं नाही. मुंबईची टॅक्सी म्हणून ती ३० ऑक्टोबर २०२३ ला निवृत्त झाली, तरी कुर्ल्याच्या भंगार बाजारात तिचा एखादा भाग मागितला तर कुणी वेड्यात काढत नाही. ३०९ चं नाव घेतलं की दुकानदार आधी काकांकडे बघतो, मग त्यांना बसायला स्टूल देतो.

आणि नेमकी तिचीच ब्रेकची नळी गेली.

ठाण्याहून परतताना गाडी सारखी डावीकडे ओढू लागली. घरी पोचल्यावर जळका वास आला. काकांनी बाटलीतलं पाणी पुढच्या डाव्या चाकावर शिंपडलं, तर तापल्या तव्यावर पडावं तसं चर्र झालं. मिस्त्रीनं गाडी जॅकवर घेतली. चाक हातानं हलेना. त्यानं चाकाजवळचा निपल जरासा सैल केला, चमचाभर ब्रेक ऑइल पिचकारीसारखं उडालं आणि चाक मोकळं फिरू लागलं.

‘‘काका, होज आतून बसलाय.’’

बाहेरून नळी ठणठणीत दिसत होती. काकांनी ती वाकवून बघितली, भेगा शोधल्या, काकूंना पेडल दाबायला लावून फुगते का तेही पाहिलं. काही नाही. पण रबराचं वय झालं की आतलं अस्तर सुजतं किंवा सुटतं आणि नळीत झडप तयार होते. पायाचा जोर मोठा, म्हणून ऑइल पुढे जातं. पेडल सोडल्यावर मागे ढकलणारा जोर मात्र फारच थोडा, म्हणून ते परत येत नाही. उसने पैसे नेलेल्या नातेवाइकासारखं. ब्रेक अर्धवट दाबलेलाच राहतो आणि गाडी तापत चालते. एक गेली म्हणजे बाकीच्या तिघी तिच्याच वयाच्या, तेव्हा चारही बदलायचं ठरलं.

एमआयडीसीतल्या एका दुकानदारानं तोडगा काढला: ‘‘जेसीबीची नळी कापून देतो. दहा गाड्या थांबतील.’’ जोराच्या बाबतीत त्याचं खरंही असेल, पण हायड्रॉलिकच्या त्या नळ्या खनिज तेलासाठी असतात आणि आतलं रबर सहसा नायट्राइल असतं. ब्रेक ऑइल हे नावाचंच ऑइल, असतं ग्लायकॉल. त्यात ते रबर फुगतं. म्हणजे आगीतून फुफाट्यात. काकांनी हे त्याला समजावलं. त्यानंही काकांना स्टूल दिलं.

शेवटी इंग्लंड धावून आलं. काकांची भाची कॉव्हेंट्रीला असते. त्या गावाशेजारी रायटनला एके काळी हीच ३०९ बनत असे. तो कारखानाही २००६ मध्ये बंद पडला. पण ३०९ चा सांगाडा पेजो २०५ वरून लांबवलेला, आणि २०५ चे भक्त तिकडे भरपूर. भाची गणपतीला आली ती चार ब्रेक होज घेऊन. परतताना तिच्या बॅगेत दोन किलो भाजणी होती. ब्रिटिशांशी इतका सरळ व्यवहार आपला क्वचितच झाला असेल.

पण गणपती म्हणजे मिस्त्री कोकणात. काकांनी स्वतःच पाना उचलला. गंजलेला नट साध्या पान्यानं फिरवला की त्याचे कंगोरे जातात. हे ज्ञान त्यांना पहिल्याच नटानं दिलं. घरात २०१९ ची अर्धी बाटली ब्रेक ऑइल शिल्लक होती. बँकेतला जीव, ती टाकवेना. पण हे द्रव्य पावसाळ्यातल्या मिठासारखं हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ चा उकळबिंदू कोरडेपणी किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलं झाल्यावर १५५ चालतो, आणि उकळलं की पेडल थेट तळाला. नवी बाटली आली.

नळ्या बसल्या. राहिलं त्यांत शिरलेली एअर काढणं. काकू सीटवर, काका चाकाशी. ‘‘दाब’’ म्हटलं की दाबायचं, निपल बंद होईपर्यंत धरायचं, ‘‘सोड’’ म्हटलं की सोडायचं. निपल उघडा असताना पाय उचलला तर हवा परत आत. तीनदा तेच झालं, कारण दर वेळी ऐन क्षणी फास्ट लोकल धडधडत गेली.

‘‘अगं, सोडलंस कशाला?’’

‘‘अहो, तुम्ही काय म्हणालात ते ऐकू आलं नाही. मी आपली हो म्हणाले.’’

मग काकू वर गेल्या आणि देवघरातली घंटा घेऊन आल्या. एकदा वाजली की दाब, दोनदा वाजली की सोड. पार्किंगमध्ये अर्धा तास घंटानाद चालला होता. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी प्रसादाला वाटी घेऊन उतरल्या.

पेडल कडक झालं. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून नळ्या टायरला घासत नाहीत ना, तेही बघून झालं. आता वेगात ब्रेक मारून पाहायचा. काका कल्याण-शीळ रस्त्यावर गेले. तिथे वेगच नव्हता. प्रीमियर कॉलनीपाशी गाडी वीस मिनिटं उभी राहिली, ब्रेक न दाबता.

शेजारच्या रिक्षावाल्यानं मान बाहेर काढली. ‘‘काका, कुठली गाडी ही?’’

‘‘इथलीच आहे.’’

त्यानं वर टॉवरांकडे बघितलं. ‘‘कुठल्या विंगची?’’