चिरंजीव प्री-मेड

न्यू जर्सीतील एडिसन आणि भोवतालच्या गावांत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात, आरती आटोपून प्रसादाची रांग लागली असता, ज्या सोळा वर्षांच्या मुलाला दोन-चार काका आपापल्या रक्तदाबाचे आकडे ऐकवितात आणि जो ते मान किंचित तिरपी करून, मुद्रेवर व्यावसायिक गांभीर्य आणून ऐकून घेतो, तो मुलगा प्री-मेड, म्हणजे वैद्यकीच्या वाटेवरचा उमेदवार, आहे असे खुशाल समजावे. त्याने अद्याप बेडकाखेरीज कोणाचे पोट उघडलेले नसते. तथापि मंडळात ‘डॉक्टर’ ही पदवी त्याला नववीतच बहाल झालेली असते.

वास्तविक अमेरिकेत हायस्कुलातून थेट वैद्यकीत जाण्याची वाट जवळजवळ नाहीच. प्रथम चार वर्षांची पदवी, मग एमकॅट नामक परीक्षा, मग चार वर्षांचे वैद्यकीय महाविद्यालय आणि तदनंतर रुग्णालयातली उमेदवारी, असा तो प्रदीर्घ क्रम आहे. जॉन्स हॉपकिन्सने 1893 मध्ये वैद्यकीय शाळा उघडताना पदवीची अट घातली, 1910 च्या अब्राहम फ्लेक्सनर यांच्या अहवालाने त्या धर्तीचा हिरिरीने पुरस्कार केला, आणि मागील दारे एकेक करून बंद झाली. त्यापूर्वीचा काळ सुखाचा म्हणावयाचा. रदरफर्ड गावचे कवी-डॉक्टर विल्यम कार्लोस विल्यम्स 1902 मध्ये एक विशेष परीक्षा देऊन शाळेतून थेट पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत गेले; आणि आपल्या आनंदीबाई जोशी तर 1883 साली एडिसनपासून फारशा दूर नसलेल्या रोझेल गावी येऊन राहिल्या, त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि 1886 मध्ये एम.डी. होऊन बाहेर पडल्या. आपण कोणकोणत्या क्लबांचे अध्यक्षपद भूषविले, हा तपशील त्यांना द्यावा लागला नाही. आमच्या चिरंजीवांनी आनंदीबाईंवर मंडळात चार मिनिटांचे भाषण केले असून ते अर्जात ‘नेतृत्व’ या सदरी रुजू आहे.

हा अर्ज म्हणजे चिरंजीवांच्या आयुष्याचे मुख्य दप्तर, आणि त्याच्या कारभारी अर्थातच मातोश्री. अमेरिकेतली बहुसंख्य नामांकित विद्यापीठे जो सामाईक अर्ज स्वीकारतात, त्यात शाळेबाहेरच्या उद्योगांसाठी दहा रकाने असतात आणि प्रत्येक उद्योगाच्या वर्णनास दीडशे अक्षरांची मुभा असते. मनुष्यजन्माचे दहा रकान्यांत वाटप करणे ही गोष्ट सोपी नव्हे. परंतु मातोश्रींनी सातवीपासूनच तजवीज केली आहे. तबला, सायन्स ऑलिम्पियाड, हिवाळ्यात कोटसंकलन, उन्हाळ्यात कुठल्याशा प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुण्याचे ‘संशोधन’, आणि सर्वांत वरच्या रकान्यात चिरंजीवांनी स्वतः स्थापिलेला ‘आरोग्य-जागृती क्लब’. क्लबाचे सभासद चार. आणि चौघांचेही स्वतःचे एकेक क्लब असून चिरंजीव त्या प्रत्येकाचे सभासद, त्यामुळे कोरमची अडचण कोणालाच पडत नाही.

रुग्णसेवेचे तास हा दप्तरातला सर्वांत नाजूक भाग. 1944 च्या सुमारास याच राज्यातल्या ईस्ट ऑरेंजच्या रुग्णालयात शाळकरी मुलींनी लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे कपडे घालून मदतीस जाण्याचा प्रघात पाडला, त्यावरून अशा स्वयंसेविकांना ‘कँडी स्ट्रायपर’ म्हणू लागले. आता पट्टे गेले, तास राहिले. चिरंजीव दर शनिवारी चाकांच्या खुर्च्या ढकलतात, पाण्याचे पेले भरतात, फुलांचे गुच्छ ज्याच्या त्याच्या खोलीत पोचवतात आणि निघताना कचेरीतून तासांच्या नोंदीवर सही घेण्यास विसरत नाहीत. एकदा सांगलीहून आलेल्या आजीने, “बाळा, गुडघे फार ठणकतायत रे, जरा तेल चोळतोस का?” असे विचारले. चिरंजीवांनी तेल चोळले, हे सांगितले पाहिजे, आणि प्रेमाने चोळले, परंतु मधेच त्यांनी आईकडे वळून, “हे धरता येतं का?” अशी पृच्छा केली. मातोश्रींनी खेदाने नकार दिला. घरच्या रुग्णाची सही चालत नाही.

‘शॅडोइंग’ म्हणजे डॉक्टरांची सावली होऊन हिंडणे. वडिलांच्या ओळखीच्या एका हृदयरोगतज्ज्ञांनी ही परवानगी दिली तेव्हा घरात पेढे वाटले गेले. चिरंजीव दिवसभर कोपऱ्यात उभे राहिले. त्यांना अपेक्षा होती ती धडधडत्या हृदयांची. दिसले ते असे, की डॉक्टर रुग्णाशी थोडा वेळ बोलतात आणि मग त्याहून कितीतरी अधिक वेळ संगणकावर रकाने भरीत बसतात, आणि मधूनमधून विमा कंपनीशी फोनवर हुज्जत घालतात. एखादा सामान्य मुलगा येथे खचला असता. हे काम आपल्याला उत्तम येते, या जाणिवेने चिरंजीवांचा निश्चय मात्र अधिकच दृढ झाला.

खरी पंचाईत निबंधाची. साडेसहाशे शब्दांत आत्मदर्शन घडवावयाचे, आणि त्यात काही संकट असलेले बरे, असा घसघशीत शुल्क घेणाऱ्या सल्लागारबाईंचा अभिप्राय. आता दोन मोटारी, तळघरात टेबलटेनिस आणि दोन्ही पालक संगणक क्षेत्रात, अशा घरात संकट आणावे कोठून? एखाद्या निकटच्या आप्ताच्या आजारपणातून वैद्यकीची प्रेरणा मिळाल्याचे दाखविण्याची वहिवाट आहे. परंतु आजोबा ऐंशीच्या घरातही ठणठणीत, पहाटे फिरायला जाणारे, ही निबंधाच्या दृष्टीने मोठीच अडचण होती. अखेर आजीच्या गुडघ्यांनाच पाचारण करावे लागले. सहीअभावी नामंजूर झालेले ते तेल निबंधात शिरले, आणि दुसऱ्या मसुद्यात सांगलीचा पाऊसही आला.

एक नोव्हेंबरच्या मुदतीस ब्राउन विद्यापीठाच्या आठ वर्षांच्या योजनेसाठी अर्ज गेला. तिथे हायस्कुलातूनच पुढल्या वैद्यकीय शाळेची जागा राखून मिळते, म्हणून मातोश्रींची त्यावर विशेष भक्ती. डिसेंबरात नकार आला. त्या आठवड्यात घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. मार्चअखेर दुसऱ्या एका नामांकित विद्यापीठाने होकार दिला, पेढे पुन्हा आले, आणि ऑगस्टात चिरंजीव रसायनशास्त्राच्या पहिल्या व्याख्यानास जाऊन बसले. हे रसायन त्यांनी हायस्कुलात एपी नामक महाविद्यालयीन दर्जाच्या परीक्षेत पाचापैकी पाच गुण मिळवून एकदा जिंकले होते. परंतु कित्येक वैद्यकीय शाळा त्या गुणांवर विषय सोडू देत नाहीत, म्हणून तेच अणू पुन्हा. सभागृहात शेकडो विद्यार्थी होते आणि जो तो कोणत्या ना कोणत्या आरोग्य-क्लबाचा संस्थापक-अध्यक्ष होता.

ऑक्टोबरात पहिल्या चाचणीचे गुण लागले, आणि त्याच सुमारास चिरंजीवांनी मध्ययुगीन भूमध्य व्यापारावरची काही व्याख्याने निव्वळ वेळेच्या सोयीखातर ऐकली. त्या रविवारी त्यांनी घरी फोन केला. आवाज बारीक होता.

“आई, रागावू नकोस. मला इतिहास घ्यावासा वाटतोय.”

मातोश्री क्षणभरही थांबल्या नाहीत.

“घे की. प्री-मेड हा काही विषय नसतो, कुठलीही पदवी चालते. जीवशास्त्र, रसायन, भौतिक तेवढं सांभाळ. इतिहास घेऊन मेडिकलला गेलेल्या मुलांची यादी मी मागेच करून ठेवली आहे, पाठवू?”