पाचाचा सहा झाला

खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याचं नवं मॉडेल आलं की दुकानात पहिला प्रश्न ठरलेला: "मेगापिक्सेल किती वाढले?" वाढले का, असं कुणी विचारतच नाही. वाढणारच, असं सगळे धरून चाललेले असतात.

कॅननने २००८ साली जी-१० काढला, १४.७ मेगापिक्सेलचा. पुढच्याच वर्षी जी-११ आला तो १० मेगापिक्सेलचा! लेन्स तीच, सेन्सरचा आकार तोच, आकडा मात्र खाली. दुकानदारांनी तो कसा खपवला असेल, आई भवानीच जाणे. पण कमी उजेडात धाकटाच सरस निघाला. का, ते आपल्याकडचा कुठलाही तलाठी सांगेल: रान तेवढंच, वाटेकरी कमी, मग वाटाही मोठा.

सोनीच्या आरएक्स१०० चा पाचवा अवतार २०१६ चा, सहावा २०१८ चा. झूम ७० मिलीमीटरवरून थेट २०० वर. पावसाळ्यात नळदुर्गला लांबच्या बुरुजावरून नर-मादी धबधबे टिपायचे तर पैसे वसूल. पण झूम फुकट येत नाही. एफ १.८ चं भिंग २.८ वर आलं, म्हणजे रुंद कोनात आत शिरणारा उजेड निम्म्याहून कमी. रात्री अंगणात गोंधळ घातलेला, वर एक पिवळा बल्ब, पोत पेटलेला, गोंधळ्याच्या कपाळावरचा मळवट घामाने ओघळतोय. तिथं मी तरी पाचवाच उचलीन.

फुजीच्या एक्स१०० चाही पाचाचा सहा झाला, २०२४ मध्ये. लेन्स जुनीच, मेगापिक्सेल २६ चे ४०, वजन ४७८ ग्रॅमवरून ५२१. खरी कमाई वेगळीच: हात थरथरला तरी चित्र सावरणारी यंत्रणा आता अंगातच बसवली. धाराशिव लेण्यांच्या अंधाऱ्या दालनात ती फार कामाची, कारण लेणी हलत नाहीत. संबळावरचा हात हलतो. त्याला ही यंत्रणा काय करणार? तिथं शटरच चपळ हवं.

तेव्हा आकडे बाजूला ठेवा. जुन्याने जिथं दगा दिला, त्याच जागी, त्याच वेळी दोन्ही घेऊन जा. अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ दोन्हींवर सारखं लावा, आणि फोटो मोठ्या पडद्यावर शेजारी शेजारी उघडून काळोखाचे कोपरे बघा. फरक शोधावा लागला, तर जुनाच वापरा.

एवढं कोण करतो म्हणा! नवा घेतला जातो, हप्ता सुरू होतो, चाळीस मेगापिक्सेलचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप पिळून चिमूटभर करतं आणि तो नातेवाइकांच्या ग्रुपवर पडतो. मामांचं उत्तर लगेच येतं: "झ्याक आलाय. मोबाईल कुठला घेतला?"