काटा मधोमध, इंजिन उकळीत

सुरतच्या पांडेसरातल्या कुठल्याही डाइंग मिलच्या बॉयलरवर गोल, काचेचं प्रेशर मीटर दिसेल. आत एक वाकलेली चपटी नळी. दाब वाढला की ती सरळ व्हायला बघते आणि काटा ढकलते. पॅरिसच्या युजीन बुर्दोंनं 1849 साली पेटंट घेतलेली युक्ती. ना वायर, ना बॅटरी. कमाल दाबावर लाल खूण हवी, हे 1950 च्या बॉयलर नियमावलीतच आहे. लिंबायत-दिंडोलीतून येणारे आपले खानदेशी भाऊ पाळीभर त्या खुणेवर नजर ठेवतात.

आणि शेठच्या नव्या गाडीत? निळा दिवा, लाल दिवा. निळा म्हणजे इंजिन थंड, लाल म्हणजे झालं कल्याण. मधलं विचारू नये.

काटा असलेल्यांनीही हुरळू नये. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मधोमध बांधलेला असतो. पाणी 85 अंशांवर असो की 100 वर, साहेब जागचे हलत नाहीत. काटा हलला की गिऱ्हाईक घाबरतं ना! मे महिन्यात उधना-मगदल्ला रोडच्या सिग्नलला इंजिन तापू लागलं, तरी साहेबांची समाधी भंगत नाही.

मग हौशी लोक वेगळं मीटर बसवायला निघतात. मेकॅनिकल की इलेक्ट्रिक? मेकॅनिकलवाले कट्टर: 'तेच खरं!' खरं असेलही. पण ऑइल प्रेशरचं मेकॅनिकल मीटर म्हणजे इंजिनातलं गरम ऑइल बारीक नळीतून थेट डॅशबोर्डात. नळी फुटली की पायावर अभिषेक. सुरतेत कापड स्वस्त आहे, कातडी नाही. पेट्रोलच्या दाबाची नळी केबिनमध्ये आणू म्हणणाऱ्याच्या तर शेजारीही बसू नये.

इलेक्ट्रिकमध्ये इंजिनावर सेंडर, आत फक्त वायर. मात्र एका वायरचा सेंडर अर्थिंग घेतो आट्यांमधून, आणि आपला मिस्त्री गळती नको म्हणून त्याच आट्यांवर टेफ्लॉन टेपचे सढळ हातानं वेढे देतो. अर्थिंग गेली, काटा बरळू लागला, शिव्या मीटरला.

माझा कौल: ऑइल प्रेशरला इलेक्ट्रिक, पाण्याच्या तापमानाला मेकॅनिकल. त्या तापमानाच्या मीटरची नळी सीलबंद असते, कापून जोडता येत नाही. मिस्त्रीनं 'लांब आहे, जरा छाटू' म्हणायच्या आत त्याच्या हातातली पक्कड काढून घ्या.